स्टिअरिंगवर कोणी नसताना

ॲरिझोना राज्यातलं टेम्पी हे फिनिक्सला खेटून असलेलं शहर. १८ मार्च २०१८, रविवार. रात्रीचे दहा वाजायला दोन मिनिटं कमी. मिल ॲव्हेन्यू या रुंद रस्त्यावर ४९ वर्षांची एक बाई सायकल हाताने ढकलत पलीकडे निघाली होती. हँडलला सामानाच्या पिशव्या लटकवलेल्या. झेब्रा क्रॉसिंग तिथून शंभरेक मीटर लांब होतं. तिने मधूनच रस्ता ओलांडायला घेतला. समोरून साधारण सत्तरच्या वेगाने व्होल्व्हो एक्ससी-९० येत होती. गाडी उबर कंपनीची, चाचणीवरची. ती स्वतःच धावत होती. ड्रायव्हरच्या जागी कंपनीने पगारावर ठेवलेली एक कर्मचारी होती. तिचं काम एवढंच, की यंत्र चुकलं तर सावरायचं.

पुढे काय झालं याचा हिशेब अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सेकंदाच्या अंशांत मांडला आहे, आणि तो मुळातून वाचण्याजोगा आहे. धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीच्या रडारने समोर काहीतरी असल्याचं टिपलं होतं. म्हणजे गाडी आंधळी नव्हती. पण हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते तिला ठरवता येईना. आधी ती म्हणाली वाहन, मग अनोळखी वस्तू, मग सायकल, पुन्हा अनोळखी वस्तू. प्रत्येक वेळी मत बदललं की ती वस्तू आधी कुठून कुठे सरकत आली, तो मागचा माग पुसला जाई आणि मोजणी नव्याने सुरू होई. त्यामुळे बाई आडवी चालत आपल्या वाटेत येते आहे, हे गणितात बसलंच नाही. झेब्रा सोडून मध्येच रस्ता ओलांडणारा माणूस ही शक्यताच त्या प्रणालीत धरलेली नव्हती. (पुण्याच्या लक्ष्मी रोडवर असली गाडी आणली, तर तिला दिसणारी एकूण एक माणसं ‘अनोळखी वस्तू’च ठरतील.) १.२ सेकंद उरले असताना धडक अटळ असल्याचं यंत्राला कळलं. पण उगाचच कचकन ब्रेक लागू नयेत म्हणून अभियंत्यांनी एक सेकंद थांबायची सोय करून ठेवली होती. तो सेकंद त्यात गेला. व्होल्व्होचं कारखान्यातून आलेलं आपत्कालीन ब्रेकचं यंत्र चाचणीपुरतं बंद होतं. कर्मचारी बाईंचा हात स्टिअरिंगला लागला तो धडकेच्या ०.०२ सेकंद आधी. ब्रेकवर पाय पडला तो धडकेनंतर.

सायकल ढकलणारी बाई गेली. स्वयंचलित गाडीच्या धडकेने पादचाऱ्याचा जीव गेल्याची ही पहिली नोंद.

आता दोष कुणाचा? कर्मचारी बाईंच्या फोनवर त्या वेळी टीव्हीवरचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू होता, हे उघड झालं. उबरने काही महिने आधी प्रत्येक गाडीतली दोन माणसं कमी करून एक केलं होतं, हेही उघड झालं. कंपनीत सुरक्षेसाठी वेगळा विभागच नव्हता. ॲरिझोनाच्या गव्हर्नरांनी २०१५ मध्ये आदेश काढून अशा चाचण्यांना मोकळं रान दिलं होतं आणि त्यावर नजर ठेवणारी यंत्रणा जवळजवळ नव्हतीच. मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष काढला. त्यात तात्कालिक कारण म्हणून कर्मचाऱ्याचं दुर्लक्ष पहिलं लिहिलं. पण त्याखाली कंपनीची ढिली सुरक्षा पद्धत, कर्मचाऱ्यांवर नसलेली देखरेख आणि राज्याचा गाफीलपणा या गोष्टीही कारणांतच लिहिल्या.

न्यायालयात मात्र यादी आखडली. मृत बाईच्या नातेवाइकांशी उबरने दोन आठवड्यांच्या आत तडजोड केली. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी जाहीर केलं की कंपनीवर फौजदारी जबाबदारी टाकण्याला आधार दिसत नाही. २०२० मध्ये कर्मचारी बाईंवर निष्काळजीपणे मृत्यूला कारण झाल्याचा आरोप ठेवला गेला. जुलै २०२३ मध्ये त्यांनी त्याहून सौम्य गुन्हा कबूल केला आणि तीन वर्षांची परिवीक्षा त्यांच्या वाट्याला आली. तोवर उबरने स्वयंचलित गाड्यांचा विभाग ऑरोरा नावाच्या दुसऱ्या कंपनीला देऊन टाकला होता. एवढ्या मोठ्या प्रकरणात फौजदारी न्यायालयाची पायरी चढली ती एकच व्यक्ती, आणि ती त्या साखळीतली सगळ्यांत कमी पगाराची.

मॅडलिन एलिश या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ बाईंनी हा प्रकार टेम्पीच्या आधीच मांडून ठेवला होता. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवतात, की धडकेत तो चेपला जावा आणि आतला माणूस वाचावा. एलिश म्हणतात, स्वयंचलित यंत्रणेत हे उलटं होतं. शेजारी बसवलेला माणूस चेपला जातो आणि यंत्रणा वाचते. ताबा खरं तर त्याच्या हातात नसतो, पण दोष घ्यायला तो हाताशी असतो.

ताबा कुणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी लेन धरते, वेग कमी-जास्त करते, पण लक्ष ड्रायव्हरनेच ठेवायचं. तिसऱ्या पायरीवर ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतःच जबाबदार, आणि अडलं तर ती माणसाला हाक मारणार. चौथ्या पायरीवर ठरावीक भागात माणूस लागतच नाही. कागदावर दुसरी आणि तिसरी यांच्यात एकाच आकड्याचं अंतर. न्यायालयात मात्र तेवढ्या अंतराने दोष एका घरातून उठून दुसऱ्या घरात जातो. टेस्लाची ‘ऑटोपायलट’ ही दुसऱ्या पायरीची. नाव मात्र असं, की ऐकणाऱ्याला चौथीची वाटावी.

त्या नावाची किंमत मायामीत मोजली गेली. एप्रिल २०१९ मध्ये फ्लोरिडाच्या की लार्गो भागात एक ड्रायव्हर ऑटोपायलटवर टेस्ला मॉडेल एस घेऊन निघाला होता. हातातला फोन खाली पडला, तो शोधायला वाकला. रस्ता पुढे संपत होता, टी आकाराचा चौक होता. गाडी थांबण्याची खूण आणि लाल दिवा ओलांडून सरळ गेली आणि कडेला उभ्या असलेल्या मोठ्या गाडीवर आदळली. त्या गाडीशेजारी उभी असलेली २२ वर्षांची मुलगी ठार झाली आणि तिचा मित्र गंभीर जखमी. ड्रायव्हरने आपली चूक लपवली नाही. ॲक्सिलरेटरवर त्याचा पाय होता आणि त्यामुळे गाडीचा वेग त्याच्याच हातात होता, असं टेस्लाचं म्हणणं. दोष ड्रायव्हरचा, ही कंपनीची बाजू याआधी कॅलिफोर्नियातल्या दोन खटल्यांत ज्युरीला पटलेलीही होती.

मायामीच्या ज्युरीने १ ऑगस्ट २०२५ रोजी दोष वाटून दिला: ड्रायव्हर ६७ टक्के, टेस्ला ३३ टक्के. भरपाईतला टेस्लाचा वाटा आणि वर २० कोटी डॉलर दंडात्मक भरपाई धरून कंपनीच्या डोक्यावर सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर आले. टेस्लाने अपील करणार असल्याचं सांगितलं. पण या खटल्यातली सगळ्यांत बोलकी गोष्ट रकमेची नाही, नोंदीची आहे. अपघातानंतर काही मिनिटांतच गाडीने त्या क्षणांची सगळी माहिती कंपनीच्या सर्व्हरला पाठवली आणि स्वतःजवळची प्रत पुसली. पीडितांच्या वकिलांनी मागितल्यावर ती माहिती सापडत नसल्याचं कंपनी सांगत राहिली. शेवटी वकिलांनी एक संगणक-तपासनीस लावला. त्याने अपघातग्रस्त गाडीतल्या चिपमधून पुसलेली नोंद पुन्हा वर काढली. गाडीला समोरचा माणूस आणि रस्त्याचा शेवट दिसत होता, हे त्यातून ज्युरीपुढे मांडता आलं. एवढा खर्च आणि एवढी चिकाटी किती कुटुंबांना परवडेल, हा प्रश्न निकालाच्या बातम्यांत कुठेच नव्हता.

वेळेचाही खेळ असतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२२ मध्ये टेस्लाच्या सोळा अपघातांची छाननी केली. धडकेच्या सरासरी एक सेकंदाहून कमी वेळ आधी ऑटोपायलटने ताबा सोडून दिलेला दिसला. मग धडकेच्या क्षणी गाडी कोण चालवत होतं? तांत्रिक उत्तर: माणूस. म्हणूनच प्रशासनाने कंपन्यांना घातलेला नियम असा, की धडकेच्या आधीच्या ३० सेकंदांत प्रणाली कधीही चालू असेल तरी तो अपघात कळवायचा. नियम करणाऱ्याला गिऱ्हाइकापेक्षा थोडी जास्त अक्कल असावी लागते, ती इथे दिसते.

सॅन फ्रान्सिस्कोत २ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री झालं ते आणखी गुंत्याचं. एका पादचारी बाईला आधी माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवलं आणि तो ड्रायव्हर पळून गेला. बाई उडून पडली ती जनरल मोटर्सच्या ‘क्रूझ’ या विनाचालक टॅक्सीपुढे. टॅक्सीने ब्रेक लावले, तरी धडक बसलीच. इथवर कुणालाही टॅक्सीची बाजू पटेल. पण त्यानंतर टॅक्सीने ठरल्याप्रमाणे ‘कडेला घेण्याची’ कृती केली आणि खाली अडकलेल्या बाईला सुमारे वीस फूट फरफटत नेलं. बाई खाली आहे हे तिला समजलं नव्हतं. माणूस ड्रायव्हर असता तर त्याने एक तरी किंकाळी ऐकली असती.

क्रूझला भोवलं ते मात्र फरफटणं नव्हे, त्याबद्दलची चुप्पी. कंपनीने सरकारी अधिकाऱ्यांना दिलेल्या माहितीतून हा भाग वगळला गेला. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने २४ ऑक्टोबरला परवाने स्थगित केले. मुख्याधिकारी काइल व्होग्ट यांनी नोव्हेंबरमध्ये पद सोडलं. २०२४ मध्ये महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १५ लाख डॉलरचा दंड केला, प्रशासनाला खोटा अहवाल दिल्याबद्दल केंद्रीय न्याय विभागाच्या कारवाईत ५ लाखांचा आणखी एक झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा नाद सोडला. पीडितेला तडजोडीत मोठी रक्कम मिळाली.

अपघात सोडा, साधी पावती फाडतानाही हाच पेच येतो. कॅलिफोर्नियात वाहतुकीचा नियम मोडल्याची पावती ड्रायव्हरच्या नावाने फाडायची पद्धत. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी बेकायदा यू-टर्न घेणारी, वेमो या कंपनीची विनाचालक टॅक्सी अडवली, आत कुणीच नाही. पावतीपुस्तकात रोबोसाठी रकाना नाही, अशी कबुली पोलिसांनीच दिली आणि गाडी सोडून द्यावी लागली. यावर राज्याने कायदा केलेला आहे. जुलै २०२६ पासून पोलिसांना कंपनीच्या नावाने नियमभंगाची नोटीस देण्याची मुभा त्यात आहे.

युरोपाने हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. जर्मनीत मोटारीच्या मालकावर कसूर सिद्ध न करताही भरपाईची जबाबदारी जुनीच आहे. त्यामुळे गाडी कोण चालवत होतं हे ठरायच्या आधी पीडिताचं भागतं. २०१७ च्या दुरुस्तीने स्वयंचलित गाड्यांसाठी भरपाईची कमाल मर्यादा दुप्पट करून एक कोटी युरोवर नेली. त्याच दुरुस्तीत आणखी एक अट आली, आणि ती या लेखाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची: ताबा माणसाकडून यंत्राकडे आणि यंत्राकडून माणसाकडे नेमका कधी गेला, ते ठिकाण आणि वेळेसकट गाडीने नोंदवायचं. २०२१ च्या कायद्याने चौथ्या पायरीच्या गाड्यांनाही रस्ता दिला. मर्सिडीजची ‘ड्राइव्ह पायलट’ ही तिसऱ्या पायरीची प्रणाली त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जर्मनीत मंजूर झाली. ती चालू असताना काही झालं तर दोष आमचा, असं कंपनीने म्हटलं होतं. व्होल्व्होने तर २०१५ मध्येच, म्हणजे विकायला अशी गाडी हातात नसताना, हे जाहीर करून टाकलं होतं. आश्वासन द्यायला तेवढी सोयीची वेळ दुसरी नाही.

ब्रिटनने २०१८ मध्ये आधी विम्याचं सोडवलं: विमा कंपनीने पीडिताला आधी पैसे द्यायचे आणि मग उत्पादकाकडून वसूल करायचे. मग २० मे २०२४ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने फौजदारी बाजू घेतली. गाडी मान्यताप्राप्त प्रणालीवर चालत असताना ड्रायव्हरच्या जागेवरच्या माणसावर चालवण्याच्या पद्धतीबद्दल खटला भरता येणार नाही. त्याचं उत्तर प्रणालीला मान्यता मिळवणाऱ्या संस्थेने द्यायचं. मद्य पिऊन बसला, पट्टा लावला नाही, तर मात्र तो सुटत नाही. हा कायदा पूर्ण लागू व्हायचा आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या उत्पादन-दायित्व निर्देशाने सॉफ्टवेअरला ‘उत्पादन’ म्हटलं आहे, आणि कंपनीने पुरावा दडवला तर दोष असल्याचं न्यायालयाने गृहीत धरावं अशी तरतूदही केली. सदस्य देशांनी डिसेंबर २०२६ पर्यंत ती आपापल्या कायद्यात आणायची आहे. हेच कलम मायामीत असतं तर संगणक-तपासनिसाची गरज कदाचित पडली नसती.

दुसरी बाजूही मांडायला हवी. वेमो आणि स्विस री या विमा कंपनीने मिळून केलेल्या पाहणीत अडीच कोटी मैल विनाचालक धावलेल्या गाड्यांवर मालमत्तेच्या नुकसानीचे दावे माणसांच्या तुलनेत ८८ टक्के आणि शारीरिक इजेचे ९२ टक्के कमी आढळले. पाहणीत कंपनी स्वतः सामील आहे, म्हणून आकडे हातचे राखून वाचावेत. तरी दिशा दुर्लक्षिण्यासारखी नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. हे सगळे बळी माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या राज्यातले.

भारतात ही चर्चा काहींना हवेतली वाटेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ पासून सांगितलं आहे, की ड्रायव्हर नसलेल्या गाड्या इथे येऊ देणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात त्यांनी पुन्हा तेच म्हटलं: सत्तर-ऐंशी लाख ड्रायव्हरांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण चौथी पायरी अडवली म्हणून दुसरी थांबत नाही. लेन धरणाऱ्या आणि स्वतः ब्रेक लावणाऱ्या गाड्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या मॉडेलांतून २०२१ पासून आपल्या रस्त्यांवर आहेत. हात सोडून बसलेल्या ड्रायव्हरांचे व्हिडिओ तर समाजमाध्यमांवर फिरतातच. उद्या मुंबई-पुणे द्रुतगतीवर अशी गाडी पुढच्या ट्रकखाली घुसली, तर काय होईल?

सध्याच्या कायद्याने काय होईल ते जवळजवळ ठरलेलं आहे. पोलिस स्पॉट पंचनामा करतील. ड्रायव्हरवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, म्हणजे जुन्या ३०४ अ च्या जागी आलेल्या कलमाखाली, गुन्हा नोंदवतील. आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक येऊन गाडी पाहील: ब्रेकच्या पाइपातून गळती आहे का, स्टिअरिंग किती सैल आहे, टायरची नक्षी किती झिजली आहे. यांत्रिक दोष आढळला नाही, असा शेरा मारला की दोष ड्रायव्हरकडे सरकतो. अपघाताच्या आधीच्या पाच सेकंदांत प्रणाली चालू होती का, तिने इशारा दिला होता का, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती होती, हे त्याला विचारायची सोय नाही. विचारलं तरी उत्तर गाडीत नाही, कंपनीकडे आहे.

गंमत अशी, की भरपाईच्या बाजूने आपला कायदा बराच पुढे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये कुणाचीही चूक न दाखवता मिळतात. मालक किंवा त्याची विमा कंपनी देते. त्याहून जास्त हवं असेल तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ड्रायव्हरचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. ‘ब्रेक फेल झाले’ हा आपल्याकडचा जुना बचाव. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईहून आलेल्या एका प्रकरणात त्याला वेसण घातली: दोष लपलेला होता आणि नीट काळजी घेऊनही सापडला नसता, हे मालकाने सिद्ध करायचं. मग २००१ मध्ये, जीपचा टायर फुटून पादचारी दगावल्याच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. कुणाची चूक नसली तरी धोकादायक वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने भरपाई द्यावी, असं म्हणताना त्याने एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका फुटलेल्या जलाशयाच्या खटल्याचा आधार घेतला. नंतरच्या निकालांनी त्याला मुरड घातली. पण सॉफ्टवेअर फसलं काय आणि टायर फुटला काय, पीडिताच्या बाजूने युक्तिवाद करायला वकिलाच्या हातात काहीतरी आहे.

उत्पादकापर्यंत पोचणं अवघड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचं प्रकरण आहे, आणि तयार सॉफ्टवेअर ही विकाऊ वस्तू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच टाटा कन्सल्टन्सीच्या विक्रीकराच्या खटल्यात म्हटलं आहे. पण हा दावा करतो तो ग्राहक. रस्ता ओलांडणारी म्हातारी गाडीची ग्राहक नसते. पोलिसांना यंत्राकडे बोट दाखवायचं नसतं असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नकाशाच्या ॲपवर विसंबून निघालेली गाडी रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून कोसळली आणि तिघे मेले. पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर गूगल मॅप्सच्या एका अनाम अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवला. अनाम, कारण नेमका कोण हे कुणाला सांगता येईना.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घुसवलेलं कलम २ ब फारसं कुणी वाचलेलं नाही. संशोधन आणि नवकल्पनांना चालना देण्यासाठी केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना या कायद्यातल्या तरतुदींतून सूट देऊ शकतं, असं ते म्हणतं. कोणत्या तरतुदी, हे त्यात मर्यादित केलेलं नाही. शब्दशः वाचलं तर त्यात सक्तीचा थर्ड पार्टी विमाही येतो आणि कलम १६४ ची भरपाईही. बंगळूर-भोपाळकडे स्वयंचलित गाड्यांवर काम करणाऱ्या नवउद्योगांना असल्या सवलतीची गरज लागेल आणि ती द्यावीही. फक्त ती देताना विम्याचं प्रकरण सवलतीबाहेर ठेवायचं आणि ताबाबदलाची नोंद तपास अधिकाऱ्याच्या हाती द्यायची, या दोन ओळी अधिसूचनेत आधीपासून घातल्या, तर संसदेत नवा कायदा येईपर्यंत पुरतील. मंत्रालयाला त्यासाठी जर्मनीतली ती २०१७ ची दुरुस्ती समोर ठेवता येईल. तिची भाषा तयार आहे आणि ती आठ वर्षांहून जास्त काळ वापरात आहे.